विनातिकीट प्रवाशाचा इतिहास

बँकेत बावीस वर्षं काढली की माणसाच्या अंगात एक तत्त्वज्ञान आपोआप मुरतं. ज्याचं व्हाउचर नाही, ते घडलेलंच नाही. खातेदार समोर उभा राहून गळ्याची शपथ घेऊन सांगत असतो, "साहेब, याच खिडकीत पैसे भरले हो, तुम्हीच घेतलेत!" आणि आम्ही त्याच्याकडे, पिंपळावरच्या मुंजाने रेशनकार्ड मागावं, अशा नजरेने बघतो. इतिहासकारांचंही असंच असतं. त्यांनाही कागद लागतो. फरक इतकाच, की कागद जितका जुना तितके इतिहासकार खूष. आमच्याकडे चेक तीन महिन्यांपेक्षा जुना झाला की आम्ही तो परत करतो.

हे सगळं सांगायचं कारण, माझ्या बी.कॉम. बुद्धीला प्रवासाच्या इतिहासात एक घोटाळा सापडला आहे. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट पडत नाही. एसटीतही पडत नाही. ऐकायला नियम मोठा मायाळू आहे. पण तिकीट नाही म्हणजे नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे इतिहास नाही. ज्याच्यासाठी पंखा बंद झाला, खिडकी बंद झाली, ज्याच्यामुळे अख्खा डबा रात्रभर जागा राहिला, तो प्रवासी आरक्षणाच्या तक्त्यात नाहीच! आमच्या ऑडिटरला हे कळलं तर तो अन्नपाणी वर्ज्य करील. तेव्हा ही राहून गेलेली एन्ट्री आज टाकून घ्यावी म्हणतो.

सुरुवात अर्थातच पुराणापासून. तान्ह्या बाळाला घेऊन एकट्या बापाने केलेला आणि विनातक्रार पार पडलेला प्रवास आपल्या परंपरेत ठळकपणे एकच आहे, तो वसुदेवाचा. भर पावसातली रात्र, टोपलीत जेमतेम जन्मलेलं बाळ आणि समोर यमुना. पण त्याला मिळालेल्या सवलतीही विचारात घ्या. बेड्या आपोआप गळल्या, पहारेकरी झोपले, नदीने वाट दिली आणि शेषाने वर छत्री धरली. एवढी सोय असेल तर मीसुद्धा आमच्या घरातलं कुठलंही मूल कुठेही पोचवून येईन. विशेष म्हणजे त्या टोपलीत एक दुपटं जास्तीचं, सुंठेची पुडी किंवा "गोकुळात पोचलात की निरोप धाडा" अशी सूचना असल्याचं कीर्तनकारही सांगत नाहीत. देवकीला सामान बांधायला वेळच मिळाला नाही, म्हणून तो प्रवास इतका सुटसुटीत झाला असावा.

पुराणातून इतिहासात आलं की सवलती संपतात. दिल्लीचं तख्त गमावून हुमायून बादशहा रानोमाळ हिंडत होता, तेव्हा १५ ऑक्टोबर १५४२ रोजी सिंधमधल्या उमरकोटला त्याला मुलगा झाला. तोच पुढचा अकबर. मूल वर्षाचं होऊन थोडे दिवस होतात न होतात तोच, १५४३ च्या अखेरीस मस्तुंगजवळ बातमी आली, की सावत्र भाऊ अस्करी फौज घेऊन चालून येतोय. घोडे कमी, वाट खडतर. हुमायून आणि हमीदा बानू तसेच इराणच्या दिशेने निघाले आणि अकबर राहिला मागे, छावणीत, दायांच्या हवाली. काकाने पुतण्याला कंदाहारला नेलं, काकूने सांभाळलं. आईबापांची गाठ पडली ती एकदम १५४५ मध्ये. आपण लग्नघरी एखादं पोर विसरून टॅक्सीत बसलो तर मेहुणे मंडळी वीस वर्षं बोलून दाखवतात. बादशहाचं एक बरं असतं, त्याला कोणी बोलत नाही.

पण त्या छावणीत मागे राहिलेल्या बायकांचं काय? जीजी अनगा आणि माहम अनगा यांची नावं इतिहासाला ठाऊक आहेत, ती अकबर पुढे बादशहा झाला म्हणून. जीजी अनगाचा मुलगा अझीझ कोका हा अकबराचा दूधभाऊ. तो पुढे बादशहाशी वाटेल तसा वागे, आणि अकबर म्हणे, की आम्हा दोघांमध्ये दुधाची एक नदी आहे, ती मला ओलांडता येत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर हे असं कर्ज आहे की ज्याला व्याज नाही, हप्ता नाही, तारण नाही, आणि जे बुडीत खात्यातही टाकता येत नाही. हिंदुस्थानच्या बादशहाने ते मान्य केलं. बाकीचे कर्जदार मान्य करत नाहीत, एवढंच.

आता आपल्या आगगाडीकडे येऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. लोकांनी डबे मोजले, ते चौदा. निमंत्रित मोजले, ते चारशेच्या आसपास. तोफा मोजल्या, त्या एकवीस. इंजिनांची नावंसुद्धा लिहून ठेवली: साहिब, सिंध आणि सुलतान. पुढे सर्वांसाठी गाड्या सुरू झाल्यावर कुणाच्या मांडीवर पहिलं तान्हं ठाण्यापर्यंत रडत गेलं, याची नोंद मात्र माझ्या वाचनात नाही. आणि शिट्टी ऐकून ते रडलं असणारच. नाही रडलं, असं म्हणणाऱ्याने घरी मूल सांभाळलेलं नाही.

गंमत म्हणजे त्याच १८५३ साली तिकडे लंडनमध्ये चार्ल्स बर्टन नावाच्या गृहस्थाने मागून ढकलायच्या बाबागाडीचं पेटंट घेतलं. त्याआधीही मुलांच्या गाड्या होत्या. १७३३ मध्ये विल्यम केंट याने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक गाडी केली होती, पण ती ओढायला बकरं किंवा तट्टू लागे. बर्टनने जनावर काढून टाकलं आणि त्याच्या जागी माणूस जुंपला. प्रगती म्हणतात ती हीच. पुढे १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या इंग्रज इंजिनिअरने छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी काढली. या माणसाने आधी स्पिटफायर लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलं होतं. मुलगी नातवंडाला घेऊन भेटीला आली, तेव्हा तिच्या त्या बोजड गाडीशी चाललेली झटापट बघून त्याला ही कल्पना सुचली. विमानाची चाकं पोटात घेता येतात, तर बाबागाडीची का नाही?

आपल्याकडे मात्र बाबागाडीला इतिहास असला तरी भूगोल नाही. ती चालवायची कुठे? फूटपाथवर भाजीवाला, त्याच्या पुढे खड्डा, खड्ड्याच्या पुढे आडवी लावलेली मोटारसायकल. आमच्या गल्लीत बाबागाडी घेऊन निघालेल्या प्रत्येक जोडप्याची मिरवणूक शेवटी एकाच क्रमाने परत येते: पुढे कडेवर मूल घेतलेली आई, मागे डोक्यावर गाडी घेतलेले बाबा. बाबांनी उचलायची म्हणूनच तिला बाबागाडी म्हणत असावेत.

१८५३ नंतर लक्षात ठेवण्यासारखं साल १८५८. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये झाशीची राणी किल्ल्यातून बाहेर पडली आणि थेट काल्पी गाठली. हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतं. पाठीशी बांधलेलं मूल आपण सगळ्यांनी पाहिलंय, पुतळ्यात आणि चित्रात. तिथे ते दोन-अडीच वर्षांचं दिसतं. खरं म्हणजे दामोदरराव तेव्हा आठ-दहा वर्षांचे होते. म्हणजे पुतळा करणाऱ्याने थोडी हातचलाखी केली आहे, पण ती मला पटते. त्याला मुलाचं वय दाखवायचं नसून आईचं ओझं दाखवायचं आहे, आणि आईच्या पाठीवरचं मूल कितीही मोठं झालं तरी आपल्याला तेवढंच दिसतं.

त्याच एप्रिल १८५८ मध्ये, २३ तारखेला, खाली सह्याद्रीच्या रानात गंगामूळ इथे अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी एक मुलगी झाली. हीच पुढे पंडिता रमाबाई म्हणून जगाला माहीत झाली. अनंतशास्त्र्यांनी बायकोला संस्कृत शिकवण्याचा त्या काळातला अक्षम्य अपराध केला होता, म्हणून तर ते रानात जाऊन राहिले. मुलगी सहा महिन्यांची झाली आणि ते घरही सोडायची वेळ आली. रमाबाईंनी पुढे, १९०७ मध्ये, इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनात ही हकीकत सांगितली आहे. आईने त्यांना वेताच्या एका मोठ्या पेटीत ठेवलं आणि ती पेटी एका माणसाच्या डोक्यावरून डोंगरावरून खाली दरीत आली. तिथून जी पायपीट सुरू झाली ती वर्षानुवर्षं, तीर्थामागून तीर्थं. त्याच वाटेवर आईने पोरीला संस्कृत शिकवलं. पुढे दुष्काळात आईबाप गेले. मुलगी भावाबरोबर चालतच राहिली आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली, तेव्हा तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं.

आणि त्याच रमाबाई, नवरा गेल्यावर, १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन बोटीने इंग्लंडला गेल्या. समुद्र ओलांडणाऱ्या विधवेवर तेव्हा वर्तमानपत्रांतून जी टीका झाली ती जपून ठेवलेली आहे. पण सोबत दुसरं घरचं माणूस नसताना, आठवड्यांमागून आठवडे हलणाऱ्या बोटीत, दोन वर्षांचं मूल सांभाळायचं म्हणजे काय, यावर त्या टीकाकारांपैकी एकानेही अग्रलेख लिहिला नाही. लिहिणार कसे? ती माहिती सगळी त्यांच्या बायकांकडे होती.

ही झाली नाव मिळालेली माणसं. बिननावाच्या वाहतुकीचा आकडा काढायला गेलो तर आमचं कॅल्क्युलेटरही हात टेकेल. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. म्हणजे घराघरातल्या थोरल्या मुलाचा पहिला प्रवास एकच, आजोळहून घरी. कुठे सव्वा महिन्यांनी, कुठे तीन महिन्यांनी, दिवस पाहून, बैलगाडीत गवत, गवतावर गोधडी आणि गोधडीवर आई. याला प्रवासवर्णन नाही, कारण प्रवासाहून आल्यावर लिहायला बसायची सोय फक्त पुरुषांना होती. जून १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली, मुंबईकडून गाडी खोपोलीपर्यंत आलेलीच होती, पण मधला बोरघाट तेव्हा बिनरुळांचा. उतारूंनी खोपोलीला उतरायचं, पालखी, तट्टू, बैलगाडी, जे परवडेल त्याने घाट चढायचा आणि वर पुन्हा गाडीत बसायचं. घाटातून गाडी जायला १८६३ साल उजाडलं. या पाच वर्षांत मुंबईचं माहेर आटपून पुण्याच्या सासरी निघालेली एखादी सून डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर पदर, कडेवर तीन महिन्यांचं बाळ, पुढे सासऱ्यांचं तट्टू, आणि सासरे मागे वळून म्हणताहेत, "लवकर आटपा, वर गाडी थांबणार नाही!"

बरं, बाळाबरोबर बाळाचं सामान आलं. आमच्या आजीचं बाळाचं बोचकं माझ्या डोळ्यांसमोर आहे. मऊ लुगड्याची दुपटी, त्रिकोणी लंगोट, झबली, कुंची, टोपडं, तिटाची डबी, चांदीचं बोंडलं, आणि वजनाला तेवढीच म्हणून की काय, एक दगडी सहाण! सहाणेवर उगाळायला हळकुंड, जायफळ, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, बेहडा, खारीक, बदाम. हल्लीचे डॉक्टर सांगतात, सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आजीला हे कळलं असतं तर तिने डॉक्टरांनाच वेखंड चाटवलं असतं. पण डॉक्टरांच्या या नियमाने प्रवासातला एक दगड कमी झाला, हे सामान वाहणाऱ्याने तरी कबूल केलं पाहिजे.

साहेबाच्या बोचक्यातही फारसं निराळं काही नव्हतं. विल्यम वुडवर्ड या नॉटिंगहॅमच्या औषधवाल्याने १८५१ मध्ये जे ग्राइप वॉटर काढलं, त्यात मुख्य काय होतं? बाळंतशेपांचा अर्क! म्हणजे आपल्या बाळंतिणीच्या खोलीतलाच माल, बाटलीत भरून, लेबल लावून आपल्यालाच परत. शिवाय त्या जुन्या औषधात थोडा मद्यार्कही असे. पोर शांत का होई, याचं कोडं इंग्रज आयांना बरीच वर्षं पडलं नसावं. लंगोट धुण्याच्या जाचातून सुटका केली ती अमेरिकेतल्या व्हिक्टर मिल्स यांनी. नातवंडाचे लंगोट बदलून कंटाळलेले हे इंजिनिअर आजोबा, आणि त्यांच्या खटपटीतून १९६१ मध्ये पॅम्पर्स बाजारात आलं. घडीची गाडी आजोबांची, फेकायचा लंगोटही आजोबांचा. या प्रांतात बापांनी काही शोध लावल्याचं आढळत नाही. त्यांनी फक्त, "हे कुठे ठेवलंय?" एवढाच प्रश्न शोधून काढला.

आपल्या बायकांनी तर काही शोधल्याचं कुठल्याच दप्तरात नाही. वास्तविक तान्ह्या मुलाच्या प्रवासासाठी साडीइतकं सोयीचं यंत्र दुसरं झालेलं नाही. ती पांघरूण होते, पडदा होते, उशी होते आणि वरच्या दोन बर्थांच्या कड्यांना बांधली की पाळणा होते. गेल्या शतकात एकोणीसशे साठच्या दशकात अॅन मूर ही अमेरिकन नर्स आफ्रिकेतल्या टोगो देशात काम करत होती. तिथल्या बाया पाठीला कापडाने मूल बांधून खुशाल कामं करतात, हे पाहून तिने घरी गेल्यावर तशीच पिशवी शिवून घेतली आणि १९६९ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. आता तीच पिशवी छातीला बांधून आमच्या सोसायटीतले तरुण बाप रविवारी सकाळी दूध आणायला निघतात. लमाण आणि वडार बाया हे पिढ्यानपिढ्या करत आल्या, त्यांना पेटंट कोण देणार? आपल्या रेल्वेलाही हा विषय सुचला, तो मे २०२२ मध्ये. लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडून, पट्टा लावलेला छोटा 'बेबी बर्थ' प्रयोग म्हणून बसवला. पहिल्या गाडीनंतर अवघ्या १६९ वर्षांनी! आमची बँकसुद्धा कर्ज मंजूर करायला इतका वेळ घेत नाही.

झोळीचा पराक्रम मी स्वतः पाहिलेला आहे. चिरंजीव अकरा महिन्यांचे असताना जावळ काढायला रात्रीच्या गाडीने कोल्हापूरला निघालो. समोरच्या बर्थवर एक वकील. चढल्या चढल्या त्यांनी सांगितलं, "सकाळी कोर्टात उभं राहायचंय, मला झोप लागते." हे वाक्य आमच्या चिरंजीवांनी आव्हान म्हणून घेतलं. सौ.ने निमूटपणे साडी काढली, झोळी बांधली आणि पोराला आत घातलं. पुण्यापर्यंत झोळी तिने हलवली, पुढे मी हलवली. कराडच्या आसपास माझा डोळा लागला आणि दचकून जागा झालो तर झोळी आपली संथ हलतेच आहे. वकीलसाहेब पाठीवर पडून, डोळे मिटून, पायाच्या अंगठ्याने झोका देत होते. कोल्हापूरला उतरताना त्यांनी पोराच्या हातावर दहाची नोट ठेवली आणि म्हणाले, "माझी फी बुडाली, पण केस आवडली."

पण सगळ्या झोळ्या जावळाला निघालेल्या नसतात. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतून ऊसतोडणीची माणसं निघतात. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, बैलगाडीत भांडीकुंडी, सरपण, शेळी, म्हातारी आणि सगळ्यांच्या वर, बोचक्याला टेकून, तान्हं मूल. पुढचे पाच-सहा महिने त्याचा पत्ता म्हणजे फडाच्या बांधावरची झोळी. आई पहाटे ऊस तोडायला लागते आणि मोळ्यांच्या मध्येच त्याला पाजून जाते. यांना कोणी हौशी प्रवासी म्हणत नाही. आपण चहात साखर घालतो, तेव्हा त्या साखरेबरोबर एक पोर किती लांबून आलेलं असतं, याचा हिशेब पुड्यावर छापलेला नसतो.

म्हणून मला आपली हिरकणी फार मोठी वाटते. आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे. कोजागिरीचा दिवस, रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, सूर्यास्ताला नियमाप्रमाणे बंद झालेले दरवाजे आणि खाली घरात भुकेलं तान्हं. पहारेकऱ्याने नियम दाखवला. तो कर्मचारी म्हणून चोख होता, मी त्याला दोष देणार नाही. चार वाजून एक मिनिटाने आलेल्या खातेदाराला मीही घड्याळच दाखवतो. हिरकणीने कडा दाखवला. रात्रीच्या अंधारात ती तो उतरून गेली. खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या कुठल्याही कचेरीत पहिली नोटीस हिरकणीला निघाली असती, दुसरी पहारेकऱ्याला आणि तिसरी कड्याला. महाराजांनी, आख्यायिका सांगते, तिला साडीचोळी दिली, कड्यावर बुरूज बांधला आणि बुरुजाला तिचंच नाव दिलं. तान्ह्या मुलासाठी केलेल्या प्रवासाची सरकारदप्तरी दगडात केलेली अशी नोंद मला दुसरी माहीत नाही.

आता एसटीच्या निमआराम गाडीला हिरकणीचं नाव आहे, आणि ठिकठिकाणी, आईला बाळाला निवांत पाजता यावं म्हणून, हिरकणी कक्ष आहेत. कल्पना अतिशय चांगली. गेल्या वर्षी पुतणीला आणि तिच्या चार महिन्यांच्या मुलीला घेऊन एका कचेरीत जायचा प्रसंग आला. पोरगी भुकेने रडायला लागली. दारावर झोकात पाटी होती, 'हिरकणी कक्ष', आणि पाटीखाली कुलूप. चावी ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले. पाऊण तासाने ते आले, कुलूप निघालं, तर आत मोडक्या खुर्च्या आणि छतापर्यंत फायली. शिपाई म्हणाला, "ताई, जरा सांभाळून, रेकॉर्ड आहे." पुतणीने पोरीला पदराखाली घेतलं, फायलींच्या गठ्ठ्यावर बसली आणि मला म्हणाली, "काका, हिरकणीचं बरं होतं हो. तिला उतरायला निदान कडा तरी होता."

मी काय बोलणार? रेकॉर्डावर बसून एक विनातिकीट प्रवासी पोटभर दूध पीत होता, आणि त्याची त्या अख्ख्या रेकॉर्डात कुठेही नोंद नव्हती. ती इथे करून ठेवतो आहे. व्हाउचर जोडलेलं नाही, ऑडिटरने समजून घ्यावं.